प्रीमियर ११८ एनई: अडकलेलं डावं चाक सुटलं, आता मागच्या ब्रेकवर संशय

माझ्या जुन्या गाडीचं ब्रेकमध्ये अडकलेलं पुढचं डावं चाक सुटलं! कॅलिपरमध्ये (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) दोष होता, पण खरा चोर त्याच्या मागे लपला होता.

मागच्या वेळी लिहिलं तेव्हा गाडी यवतेश्वरचा घाट उतरून बोगद्यापाशी आली होती आणि डाव्या चाकातून जळका वास येत होता. थर्मामीटर गनवर डावी डिस्क १७० अंशांच्या पुढे, उजवी शंभरच्या आत. जॅकवर घेतली तर डावं चाक दोन्ही हातांनी जोर लावल्याशिवाय फिरेना. यावर साताऱ्यातल्या झाडून सगळ्या मिस्त्रींचं एकच औषध: "मास्टर बदला साहेब, सगळं मिटतंय." पण माझ्या गाडीत पुढची दोन्ही चाकं एकाच लाइनवर आहेत. मास्टर सिलेंडर (पेडल दाबलं की ऑइलला प्रेशर देणारा भाग) प्रेशर सोडत नसेल तर उजवं चाकही चिकटायला हवं, आणि ते तर बोटाने फिरतंय.

कॅलिपर खोलला. फियाट १२४ कडून आलेला, एका पिस्टनचा सरकता कॅलिपर. पिस्टनवरचं क्रोम सीलच्या रेषेपाशी उडालेलं आणि खाली गंजाचे खड्डे. एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडून स्टेनलेसचा नवा पिस्टन करून घेतला. नमुना हातात घेऊन तो मायक्रोमीटर लावत बसला, पैसे सांगायच्या आधी जुन्या पिस्टनच्या गंजाला त्याने दोन शिव्या घातल्या. माणूस आवडला. काम असं की पिस्टन बोअरमध्ये अंगठ्याने सरकतो आणि कुठे डुगडुगत नाही. नवं सील, नवा डस्ट बूट, सरकत्या जागा घासून स्वच्छ. सील बसवताना ताजं ब्रेक ऑइलच लावलं. साधं ग्रीस त्या रबराला फुगवतं, हे इथे पुन्हा सांगायला नको.

सगळं जोडलं, ब्रेक लाइनमधली एअर काढली, कास रोडला गेलो. परत तोच वास.

इथून पुढचं जरा सविस्तर लिहितो, कारण जुन्या गाडीचा ब्रेक चिकटला की लोक थेट खर्चाच्या दिशेने धावतात. पुतण्याला पेडलवर बसवलं. त्याने ब्रेक दाबला, सोडला, डावं चाक घट्टच. कॅलिपरचा निपल (एअर काढायचा छोटा स्क्रू) पाव फेरा सैल केला. चुळकन ऑइल उडालं आणि चाक मोकळं! म्हणजे कॅलिपर यांत्रिकपणे अडकलेला नाही, आत प्रेशर कोंडलंय. (खोलण्याआधी हीच टेस्ट केली होती तेव्हा चाक अर्धवटच सुटलं होतं. दोन दोष एकमेकांवर बसलेले असले की असंच होतं.) निपल बंद केला, पुन्हा दाबायला लावला, सोडायला लावला. या वेळी बॉडीकडचा जोड सैल केला, लोखंडी पाइप रबरी होजला मिळतो तिथला. चार थेंब ऑइल आलं आणि चाक जागचं हललं नाही.

"काका, मग बिघडलंय काय?" पुतण्या आतून ओरडला.

जोडाच्या वरचं सगळं उघडं आहे आणि चाक तरीही धरलेलं आहे. मधे उरतो फक्त तो वीतभर रबरी होज.

बाहेरून ठणठणीत दिसत होता. ना भेग, ना फुगा, ना ओल. काढला आणि पंक्चरवाल्याकडे नेला. एका बाजूने हवा मारली तर सुसाट पार. उलटा धरला तर दुसऱ्या टोकाला नुसती फुंकर. उभा चिरला तेव्हा आतलं अस्तर सुटून त्याची जीभ झालेली दिसली. विहिरीवरच्या मोटारीचा फुटव्हॉल्व्ह जसा पाणी एकाच दिशेला जाऊ देतो, तसंच.

आणि हे डिस्कलाच इतकं का नडतं? ड्रममध्ये शू मागे खेचायला तगड्या स्प्रिंगा असतात. इथे तसं काही नाही. कॅलिपरमधलं चौकोनी सील पिस्टनबरोबर किंचित पिळवटतं आणि पाय उचलला की पूर्ववत होताना त्याला केसभर मागे ओढतं. परतीची ताकद तेवढीच. पायाचं प्रेशर ती जीभ सहज ढकलून आत जातं, पण परत येताना तिला हलवायला बळ कुठलं? मग पॅड डिस्कला चाटत राहतात, ऑइल तापून फुगतं आणि पकड आणखी वाढते.

आता मागे वळून बघितलं की गाडीची चालही जुळते. जोरात ब्रेक मारला की ती क्षणभर उजवीकडे झुकायची (डावीकडे प्रेशर उशिरा पोचत होतं), आणि पाय काढला की डावीकडे ओढायची. दाबताना एकीकडे, सोडल्यावर दुसरीकडे: ही खूण दिसली तर आधी होज तपासा.

होज मिळवणं हा वेगळाच तमाशा. ट्रॅक्टर-पोकलेनचे हायड्रॉलिक होज दाबून देणारा म्हणाला, अर्ध्या तासात करून देतो. त्याला नमस्कार केला. ते होज आतून बहुधा नायट्राइल रबराचे असतात, आणि ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं. नायट्राइल त्यात फुगतं, म्हणजे फिरून तोच आजार. ऑनलाइन मागवलेला एक आला तो वेगळ्या पिचचा (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर). १० एमएमच्या आट्यात १.० आणि १.२५ अशा दोन्ही पिच बाजारात फिरतात. चुकीचा नट दोन फेरे गोड बसतो आणि तिसऱ्याला आटा खातो, तेव्हा नमुना खिशात ठेवूनच दुकानात जा. पुण्यातल्या एका जुन्या स्पेअर्सवाल्याने 'कंपनीचं सीलबंद पाकीट' मोठ्या अभिमानाने काढलं. पाकिटावरची तारीख नव्वदच्या दशकातली! आरसा, बॅज, हेडलाइटची रिंग असली तर जुना स्टॉक मी डोळे मिटून घेतो, पण रबर कपाटातही म्हातारं होतं. शेवटी त्याच्याकडेच नव्या तारखेचे दोन निघाले. स्टीलच्या जाळीचे होज दिसतात झकास, पण जाळीखाली काय चाललंय ते कळत नाही, म्हणून साध्या रबराचेच घेतले.

उजवा होज तूर्त राहू द्यायचा विचार होता. पण तोही त्याच वयाचा, आणि दोन्ही बाजूंना वेगवेगळा होज ठेवून गाडी सरळ थांबेल ही अपेक्षा कशी करायची? तोही बदलला. होज कॅलिपरला जोडणाऱ्या बँजो बोल्टखालचे कॉपर वॉशर नवे. जुनं काळपट ऑइल पूर्ण काढून नवं डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल भरलं. ताजं असताना ते २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषलेलं असेल तर १५५ लाच उकळू शकतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात ते पाणी शोषणारच, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं ठरवलंय.

परवा कासवरून यवतेश्वर उतरलो. मुद्दाम गिअरचा आधार कमी घेतला. बोगद्यापाशी गन लावली: डावी-उजवीत दहा अंशांचाही फरक नाही. स्टिअरिंग सैल धरून ब्रेक मारला, गाडी सरळ थांबली. समर्थ मंदिरापाशी चहा घेतला आणि उगाचच चाकाला हात लावून आलो.

पुढचं काम डिस्क फेस मारून (लेथवर सपाट करून) घेण्याचं होतं, तिची डुगडुग मोजायला डायल गेजही मागून आणलं होतं. पण हे लिहिता लिहिता एक गोष्ट डोक्यात आली. मागचे दोन्ही ब्रेक उशिरा सुटतात अशी माझी जुनीच तक्रार आहे, आणि ती मी हँडब्रेकच्या केबलवर ढकलत आलोय. मागच्या अॅक्सलला जाणारा रबरी होज एकच. दोन्ही चाकं एकत्र चिकटतात ती त्याच्यामुळे तर नव्हेत? डिस्क थांबतील. रविवारी मागची बाजू स्टँडवर घेऊन तीच निपलची टेस्ट करतो. मागचा होज नव्या तारखेचा कुणाला कुठे मिळाला असेल तर दोन टोकांमधली लांबी आणि आट्याची पिच तेवढी सांगा.