पहाटे साडेचारची गाडी

नाशिक, बुधवार. पहाट.

सिंगापूरच्या सहलीहून परतलोय, आणि आमची लेक चिऊ साडेचारलाच टक्क जागी. सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, त्यामुळे तिच्या लेखी सकाळचे सात वाजलेत आणि आम्ही सगळे लोळत पडलोय. जाताना हाच फरक पथ्यावर पडला होता. पहिले दोन दिवस ती नाशिकच्याच वेळेत होती, म्हणून गार्डन्स बाय द बे या बागेतला रात्री पावणेनऊचा दिव्यांचा खेळ तिच्यासाठी सव्वासहाचा. २५ ते ५० मीटर उंचीची ती कृत्रिम झाडं उजळली, आम्ही जमिनीवर पाठ टेकून बघत राहिलो. चिऊने दोन मिनिटं वर बघितलं आणि मग शेजारच्या आजोबांच्या चपलेचा वेलक्रो उघडझाप करायला घेतला. तिकडचं घड्याळ तिच्या अंगवळणी पडलं तोवर आमची सुट्टी संपली.

निघण्याआधी मी वहीत आखणी केली होती. सकाळी एक ठिकाण, दुपारी एक, संध्याकाळी एक. अडीच वर्षांच्या पोरीला घेऊन! आई (सासूबाई) तेव्हाच म्हणाल्या होत्या, "अगं, गंगेवर (म्हणजे गोदावरीवर) नेलं तरी ती घाटाच्या पायऱ्याच चढते-उतरते. तिला एवढं काय काय दाखवणार?" मी ऐकलं नाही.

सोमवारी तिला पाण्यात खेळवायला तिथल्याच मुलांच्या बागेत नेलं. आत कारंजी, फुकट प्रवेश, सगळं वाचलं होतं. सोमवारी बंद असते, तेवढं सोडून. चूक माझीच. स्विमसूट घातलेली चिऊ बंद फाटकासमोर, आणि मी हवालदिल. ती मात्र एका साळुंकीमागे लागली. तिथली साळुंकी आपल्यापेक्षा काळी, चाल तीच, रागीट मास्तरांसारखी. अर्धा तास हा पाठलाग चालला. साळुंक्या आमच्या गंगापूर रोडच्या गच्चीवरही येतात, पण ते तिला सांगून काय उपयोग?

त्या दिवसापासून वहीतली दुपार खोडली. दुपारी एक ते तीन खोलीवर, पडदे ओढून झोप. बाहेर हटकून पाऊस यायचा, त्यामुळे काही बुडतंय असंही वाटेना.

खरी लॉटरी लागली ती मेट्रोत. नव्वद सेंटिमीटरच्या आतलं मूल मोठ्यांबरोबर फुकट, आणि आमची ही अठ्ठ्याऐंशी. पण डब्यात खाणंपिणं बंद, दंड पाचशे डॉलरपर्यंत. हिला गप्प ठेवायचं माझं एकमेव हत्यार म्हणजे घरून नेलेली मनुक्यांची डबी. झाकण उघडणार तोच नवऱ्याने पाटीकडे बोट दाखवलं. डबी पर्समध्ये आणि चिऊचा सूर वरच्या पट्टीत. अख्खा डबा आमच्याकडे बघतोय. याने तिला उचललं आणि सरळ गाडीच्या तोंडाशी नेलं. जांभळ्या मार्गावरच्या गाड्यांना ड्रायव्हरच नसतो, पुढे नुसती मोठी काच. भुयारातले दिवे अंगावर येत होते. रडणं बंद. दोन्ही तळवे काचेवर. "चिऊ चालवते."

झालं. पुढचे चार दिवस रोज सकाळी तीच गाडी, तीच काच, शेवटच्या स्टेशनापर्यंत जाऊन परत. मोठ्या माणसाला त्या भुयारात बघण्यासारखं काही नाही. मी दिवे मोजून मोजून कंटाळले. पण तेवढं केलं की ती दिवसभर शहाण्यासारखी वागायची, आणि आम्हाला एक ठिकाण निवांत बघता यायचं. रोज एकच. प्राणिसंग्रहालय राहिलं, राहू दे.

मर्लायन तेवढा बघितला. वर सिंह, खाली मासा, तोंडातून पाण्याची धार. चिऊने लांबूनच हात जोडले. "मारुती!" तिच्या हिशेबी नदीकाठची थोरली मूर्ती म्हणजे दुतोंड्या मारुतीच. आईंनी निरखून बघितलं आणि विचारलं, "याच्या कुठपर्यंत पाणी चढलं की पूर म्हणायचा?" गोदावरी किती फुगली हे मारुतीच्या गुडघ्या-कमरेवरून सांगणाऱ्या गावच्या बाईला दुसरं काय सुचणार! मी तिथेच बसून हसले.

आत्ता प्रवासातल्या कपड्यांचा पहिला घाणा मशिनला लावलाय. चिऊ त्या गोल काचेसमोर मांडी घालून बसली आहे, दोन्ही तळवे काचेवर. दार लागताना मेट्रोत वाजायचं तसं टूं टूं टूं चाललंय. आवाजाने आई उठून आल्या. डबी अजून माझ्या पर्समध्येच होती. त्यांनी ती काढली आणि तिच्या पुढ्यात उघडून ठेवली.

"खा गं. ही गाडी आपली आहे."