उसन्या नावाचं गाव

ऑक्टोबर लागला की न्यू जर्सीतल्या मराठी घरांत ‘यंदा फॉल कलर्स बघायला कुठे?’ ही चर्चा सुरू होते, आणि पेनसिल्व्हेनियातल्या जिम थॉर्प या गावाचं नाव निघतंच. आम्हीही पानगळीआधीचे झाडांचे रंग बघायलाच गेलो. रंग छान होते, पण ते काय, सगळीकडेच असतात. मला गुंतवलं ते या गावाच्या इतिहासाने.

लीहाय नदीच्या अरुंद खोऱ्यात डोंगराला चिकटून वसलेलं हे गाव. मूळ नाव मॉक चंक. ते वाढलं कोळशावर. समिट हिलच्या खाणीतला अँथ्रासाइट (कठीण, उत्तम प्रतीचा कोळसा) नदीपर्यंत आणायला १८२७ मध्ये सुमारे नऊ मैलांचा रूळमार्ग टाकला. इंजिन नाहीच, भरलेले डबे उतारावरून आपोआप यायचे आणि रिकामे डबे खेचरं वर ओढून न्यायची. खाली येताना मात्र ही खेचरमंडळी स्वतंत्र डब्यात उभी राहून ऐटीत यायची. त्याची इतकी चटक लागली म्हणे, की नंतर पायी उतरायला त्यांनी साफ नकार दिला! कोळशाला दुसरी वाट मिळाल्यावर याच मार्गावर हौशी प्रवासी बसू लागले. रोलर कोस्टरचा पूर्वज म्हणतात तो हाच.

स्टेशनच्या वर टेकडीवर एसा पॅकरचा १८६१ सालचा वाडा आहे. कालव्यावर नावा चालवणारा हा माणूस पुढे रेल्वेचा मालक झाला, १८६५ मध्ये त्याने लीहाय विद्यापीठ काढलं. वाडा देखणा आहे, पण तो बघून थेट गावातल्या ब्रॉडवे रस्त्याच्या चढावरचा जुना तुरुंग गाठा.

‘मॉली मॅग्वायर्स’ या गुप्त संघटनेचे म्हणून पकडलेल्या आयरिश खाणकामगारांपैकी चौघांना २१ जून १८७७ रोजी इथे एकाच दिवशी फाशी दिलं. त्यांच्यात घुसलेला हेर खाजगी एजन्सीचा, खटल्यात सरकारतर्फे वकील म्हणून उभे राहिले ते कोळसा-रेल्वे कंपन्यांशी बांधलेले लोक. निकाल काय लागणार होता? सतरा नंबरच्या कोठडीत भिंतीवर हाताचा पुसट ठसा आहे. फाशी जाणाऱ्याने निर्दोषपणाची खूण म्हणून उमटवलेला, कितीही पुसला तरी परत येणारा, अशी आख्यायिका. मी काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही, पण तिथून पाय लवकर निघाला नाही.

आणि नाव? १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन जिंकणारा मूलनिवासी खेळाडू जिम थॉर्प १९५३ मध्ये कॅलिफोर्नियात वारला. ओक्लाहोमात, त्याच्या मूळ राज्यात, स्मारकाचं जमेना, तेव्हा त्याच्या पत्नीने मॉक चंकशी व्यवहार केला: पार्थिव तुमच्याकडे, नाव त्याचं. कोळसा संपत आलेल्या गावाला पर्यटक हवे होते. १९५४ मध्ये मॉक चंक आणि पलीकडचं ईस्ट मॉक चंक एक झालं आणि ‘जिम थॉर्प’ बनलं. हयातीत तो इथे कधी आल्याची नोंदही नाही! थडग्याखाली ओक्लाहोमाची आणि स्टॉकहोमच्या स्टेडियमची माती आणून घातली आहे. मुलांनी वडिलांना परत न्यायला खटला भरला, तो २०१५ पर्यंत चालला. शेवटी गावाच्या बाजूने लागला. गावाने स्मारक मनापासून जपलंय, हे मान्य. तरी माझं मत मुलांच्या बाजूने.