आईचं दारुकावन आणि पाच चुली

आमचं गाव औंढा नागनाथपासून आठ-दहा किलोमीटरवर. लहानपणी श्रावणी सोमवारी आई आम्हाला तिथं न्यायची आणि रांगेत उभ्या उभ्या बारा ज्योतिर्लिंगांच्या स्तोत्रातलं 'नागेशं दारुकावने' पुटपुटायची. दारुकावन म्हणजे काय गं, असं मी विचारलं की म्हणायची, 'दारुकाचं वन.' बाभळी आणि लिंब सोडले तर वन म्हणून बोट दाखवायला आमच्या भागात काही नव्हतं. त्यामुळे उत्तराखंडात, अल्मोड्याजवळ, जागेश्वर नावाचं ठिकाण आहे आणि तिथले लोक खरं दारुकावन आमचंच म्हणतात, कारण दारु म्हणजे देवदार, हे मी तिला सांगितलं तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, 'चल, जाऊन बघू.'

आई 72 वर्षांची. दोन्ही गुडघे गेलेले. घोडा, डोली तिला नको असते, म्हणजे केदारनाथ नाही, तुंगनाथ नाही. कुमाऊं, म्हणजे उत्तराखंडाचा पूर्वेकडचा भाग, मी निवडला तो यासाठी, की तिथं गाडीतून उतरून खुर्ची टाकून बसलं तरी सात-सात हजार मीटरची शिखरं समोर दिसतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हिमालय दाखवायचा राहून गेलाय असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी मी हे लिहितेय.

आम्ही नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेलो. पावसाळ्यात तिकडे दरडी कोसळतात. एप्रिल-मेमध्ये चिडाच्या, म्हणजे तिथल्या पाइनच्या, वाळक्या सुयांना, ज्यांना तिथं पिरूल म्हणतात, आगी लागतात आणि धुरानं शिखरं झाकून जातात. पावसानंतर हवा धुतल्यासारखी असते. दिल्लीहून रात्रीची राणीखेत एक्सप्रेस धरली, पहाटे काठगोदाम. रेल्वेचे रूळ तिथंच संपतात. नैनिताल गाळलं. वाटेतल्या कैंची धाम आश्रमापाशी गर्दीत तासभर गेला. दुपारी अल्मोड्यात लाला बाजारातून बाल मिठाई घेतली. भाजून तपकिरी केलेला खवा, वर साखरेचे पांढरेशुभ्र दाणे. आईनं अर्धा डबा नातवासाठी बांधून ठेवला.

अल्मोड्यापासून जागेश्वर 36 किलोमीटर. शेवटच्या वळणानंतर दरी अरुंद होते, ऊन एकदम कमी होतं आणि देवदार सुरू होतात. सरळ, काळपट, मान मागे टाकल्याशिवाय शेंडा न दिसणारे. मधून जटागंगेचा ओढा वाहतो आणि काठावर दगडी शिखरांची दाटी. लहानमोठी सव्वाशे देवळं, सातव्या शतकापासून चौदाव्यापर्यंत बांधली गेलेली. काही तर आपल्या तुळशीवृंदावनापेक्षा थोडीच मोठी. रस्त्याला लागूनच आहेत, चढ जवळपास नाही.

आवारातल्या फरशीवर पिवळी पूड पसरली होती. आधी वाटलं, कुणीतरी भंडारा उधळलाय. आईनं वाकून बोट लावलं, कपाळाकडे नेलं आणि मध्येच थांबली. हळद नव्हती. देवदाराचा मोहर गळत होता. सुरवंटाएवढे तुरे सगळीकडे पडले होते आणि त्यांचा पराग दगडांच्या खाचांत, नंदीच्या पाठीवर, आईच्या काळ्या शालीवर बसत होता. या दिवसांतच तो झडतो. हे मला आधी माहीत नव्हतं, नाहीतर याचसाठी तारीख ठरवली असती.

औंढ्याचा गाभारा जमिनीखाली आहे. अरुंद पायऱ्यांनी, अंग चोरून उतरावं लागतं. गेली सहा वर्षं आईला ते जमलेलं नाही, वरूनच हात जोडते. इथं ती पिंडीसमोर मांडी न घालता, पाय लांब करून, भिंतीला टेकून बसली. पुजाऱ्यांनी बसू दिलं. किती वेळ, ते मी पाहिलं नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, 'आपला नागनाथ तो आपला. पण वन मात्र हे खरं.'

त्या वादात मला पडायचं नाही. द्वारकेजवळचे लोकही नागेश आपलाच म्हणतात. मी एवढंच सांगेन की जागेश्वरला दुपारी येऊन दुपारी परतू नका. रात्री राहा. आरती झाली की ओढ्याचा आवाज मोठा होतो.

कौसानीबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण दोन्ही सकाळी ढग होते. गांधीजी 1929 मध्ये जिथं राहिले त्या अनासक्ती आश्रमाच्या अंगणातून त्रिशूळ आणि नंदादेवी दिसतात. आम्हाला राखाडी पडदा दिसला. आई तिथल्या बाकावर शांत बसून राहिली, मला मात्र वाईट वाटत होतं.

तिथून बागेश्वर, एक मुक्काम चौकोडीला. सलग बसलं की गुडघे आखडतात म्हणून रोज चार-पाच तासांपेक्षा जास्त प्रवास ठेवलाच नाही. ज्येष्ठांना नेत असाल तर हे पाळाच. वाटेत आईनं मैलाचा दगड वाचला, 'नाचनी'! खरंच त्या नावाचं गाव आहे. त्याच दिवशी जेवणात मडुव्याची भाकरी आली, म्हणजे आपली नाचणीच, तेव्हा ती गाडीवाल्याला पुन्हा पुन्हा ते सांगत होती. तो तिला आमा म्हणायचा, म्हणजे आजी. बिर्थीचा धबधबा गाडीजवळ उभं राहून बघितला. मग काळामुनीची खिंड, देवीच्या देवळात घंटाच घंटा. खिंड ओलांडली आणि समोर पंचाचुलीची पाच शिखरं.

मुन्स्यारी 2200 मीटरवर आहे. शेजारच्या सरमोलीत गावातल्या बायका घरोघर पाहुणे ठेवतात, तिथं आम्ही चार रात्री होतो. खाली गोरीगंगा, पलीकडे जोहार खोऱ्याच्या वाटा. 1962 पर्यंत इथले शौका व्यापारी या वाटांनी तिबेटातून मीठ, लोकर आणि टाकणखार आणायचे. मग सीमा बंद झाली आणि वर मिलमपर्यंतची गावं ओस पडली. इथल्या छोट्या संग्रहालयात ते सगळं जपलंय. मिलमचे नैनसिंह रावत नकाशासाठी पावलं मोजत तिबेटभर फिरले. माळेत 108 ऐवजी 100 मणी, दर शंभर पावलांना एक मणी पुढे. इंग्रजांच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनं त्यांना 1877 मध्ये सुवर्णपदक दिलं. हे ऐकल्यावर आईनं पिशवीतून आपली जपमाळ काढली आणि दुसऱ्या दिवशी घर ते नंदादेवीचं देऊळ अशी पावलं मोजायला लागली. निम्म्यात बसली, पाणी प्यायली, पुन्हा उठली. माळ किती वेळा फिरली ते तिनं कुणालाच सांगितलं नाही.

स्वर्गारोहणाला निघण्याआधी द्रौपदीनं पांडवांसाठी शेवटचा स्वयंपाक केला, त्या या पाच चुली, असं इथं सांगतात. मराठी माणसाला हे नाव समजावून द्यावं लागत नाही. संध्याकाळी पाचच्या सुमाराला आम्ही अंगणात खुर्च्या टाकायचो. आधी बर्फ पिवळा होतो, मग निखाऱ्यासारखा लाल, आणि दरीतली सावली खालून वर चढायला लागते. एकेक शिखर विझतं. सगळ्यात उंच 6904 मीटरचं, ते मागे राहतं. चौथ्या संध्याकाळी आई मोठ्यानं मोजत होती. 'एक गेली. दोन. ती बघ, तीही गेली.' शेवटचं शिखर राखाडी झालं तेव्हा ती म्हणाली, 'आवरली चूल.'

घरच्या ताईनं आत बोलावलं. चुलीवर गहतची डाळ रटरटत होती. आईनं झाकण उचलून वास घेतला, 'अगं, हे तर हुलगे!' आणि माडग्याची कृती सांगायला लागली, मराठीतूनच. ताई मान डोलवत ऐकत होती. जाळ मंदावला तसं आईनं पाट पुढे ओढला आणि कुणाला न विचारता एक लाकूड आत सारलं.