तुम्ही विचारलंत म्हणून: शेतीच्या औषधांच्या दुकानात भिंग कशाला?

'मॅडम, सोनाराचंही काम घेता का?' काउंटरवरचं भिंग बघून हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय त्याची मोजदाद नाही. काही जण हसून म्हणतात, काही वैतागून. वैतागणाऱ्यांचंही खरंच असतं. माणूस बाहेर गाडी चालू ठेवून आलेला असतो, मळ्यात फवारणीच्या ब्लोअरची टाकी भरून उभी असते, थोड्या वेळात वारं सुटणार असतं, आणि मी म्हणते, 'पान आणलंय का? किडीचं तोंड बघू द्या.'

'अहो, तोंड काय बघायचं, मारायचंय तिला!'

तर एकदाच सविस्तर सांगते.

पिंपळगाव बसवंतला आमचं कृषी सेवा केंद्र आहे, सासऱ्यांनी काढलेलं. नानांचा नियम साधा होता. गिऱ्हाईक मागेल ती बाटली द्यायची आणि वर दोन शब्द गोड बोलायचे. मी या घरात आले ती कृषीची पदवी घेऊन. कीटकशास्त्राच्या प्रॅक्टिकलला झुरळाचं तोंड सुईनं सुटं करावं लागायचं. वरचा ओठ, जबड्यांची जोडी, तिच्याखालची दुसरी जोडी, खालचा ओठ, असं सगळं काचपट्टीवर क्रमानं मांडायचं आणि आकृती काढायची. मला झुरळ धरवत नसे. मैत्रीण धरायची, मी कापायचे. द्राक्षवाल्यांच्या गावात सून म्हणून जायचं तर झुरळाच्या जबड्याचं काय लोणचं घालायचंय, असं तेव्हा वाटायचं.

पण सुटे भाग सगळ्या किड्यांत तेच असतात. अळीत नि भुंग्यात ते कात्रीसारखे राहिले. मावा, तुडतुडे, पांढरी माशी, मिलीबग (पिठ्या ढेकूण) यांच्यात लांबून बारीक सुया झाले. फुलपाखरात नळी झाली, गुंडाळून ठेवायची. आता ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षवेलीचे डोळे, म्हणजे फुटीचे कोंब, फुगतात तेव्हा येणारा उडद्या घ्या. एवढासा चकचकीत भुंगा, पण फुगलेला डोळा कोरून खातो, आणि डोळा गेला की त्यातला घड गेला. तो वरून कुरतडतो, म्हणून वर बसलेलं औषध त्याच्या पोटात जातं. मावा पानावर बसतो, पण पितो पानाच्या आतलं. वर औषधाचा थर असला तरी त्याची सुई तो ओलांडून रसापर्यंत पोचते. त्याला एकतर अंगावर थेंब बसायला हवा, नाहीतर औषध झाडाच्या रसात उतरायला हवं. आंतरप्रवाही म्हणतात ते हेच. बीटी, म्हणजे जिवाणूपासून केलेलं औषध, तर आणखी चोखंदळ. अळीनं ते पानाबरोबर खाल्लं आणि तिच्या आतड्यातल्या अल्कधर्मी रसात ते विरघळलं, तरच त्याचं विष कामाला लागतं. मिलीबगवर बीटी मारून आलेले एक गृहस्थ मला माहीत आहेत. नुसतं पाणी मारलं असतं तर स्वस्तात पडलं असतं.

सगळ्यात गमतीचं तोंड थ्रिप्सचं. पुस्तकात फुलकिडे, पण आमच्याकडे कांद्यातही थ्रिप्स आणि द्राक्षातही थ्रिप्स. हा प्राणी डावखुरा आहे. खरंच. त्याचा उजवा जबडा वाढतच नाही, डावा तेवढा असतो. त्या एका जबड्यानं तो पेशीला भोक पाडतो, मग दोन सुया जुळवून झालेली नळी आत घालतो आणि आतलं सगळं ओढून घेतो. रिकाम्या पेशीत हवा भरते. कांद्याची पात चंदेरी दिसते ती त्या हवेमुळे. द्राक्षात फुलोऱ्यापासून मणी बारीक असेपर्यंत हेच मण्याच्या सालीवर चालतं, आणि मणी फुगत जातो तसा तो तपकिरी ओरखडाही रुंद होत जातो. तो घड एक्स्पोर्टच्या पेटीत बसत नाही.

लासलगावकडचे एक काका रांगड्या, म्हणजे उशिरा खरिपातल्या, कांद्याच्या थ्रिप्ससाठी तिसऱ्यांदा आले, ते भांडायच्या तयारीनंच. 'चार दिवसांत परत जैसे थे. सगळा बोगस माल.' मी आधी किडीची बाजू मांडली. थ्रिप्सची मादी अंडं पातीच्या आत खुपसते, तिथे फवारा पोचत नाही. पिल्लं मोठी झाली की बहुतेक मातीत उतरतात, तिथे काही न खाता दोन अवस्था काढतात आणि पंख घेऊन वर येतात. तिथेही फवारा पोचत नाही. राहिले पातीवरचे, तेही बेचक्यात, पाती एकमेकींना चिकटलेल्या असतात तिथे दडून. त्यात पातीला मेण. स्टिकर, म्हणजे फवारा पानाला चिकटवणारं द्रावण, टाकलं नाही तर थेंब घरंगळून जमिनीवर.

काकांना काही पटेना. त्यांनी पिशवीतून तीन रिकाम्या बाटल्या काढून काउंटरवर आपटल्या. तीन दुकानांतल्या, तीन कंपन्यांच्या, तीन रंगांच्या. मी मागचं बारीक अक्षर भिंगाखाली धरलं आणि त्यांनाच वाचायला लावलं. तिन्हींत घटक एकच, इमिडाक्लोप्रिड. पहिल्या फवाऱ्यातून जे वाचले होते तेच पुढं वाढले होते, आणि त्यांना पुन्हा तेच पाजलं जात होतं. काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, 'म्हणजे बाई तीच, लुगडी तीन.' त्यातली एक बाटली आमच्याच दुकानातली होती, हेही सांगून टाकते.

आता माझी चूक. दुकानावर बसू लागले त्याच वर्षीची, फेब्रुवारीतली. मोहाडीच्या बाजूचे एक दादा आले. पानं तांबूस पडताहेत, मागून बारीक काहीतरी फिरतंय म्हणाले. पान आणलं नव्हतं, मीही मागितलं नाही. ऊन वाढलेलं, बारीक किडा, म्हणजे थ्रिप्सच असणार, असं धरून मी एक पायरेथ्रॉईड दिलं. आठ दिवसांनी ते पान घेऊन आले. मागच्या बाजूला जाळं धरलेलं, आणि त्यात लाल कोळी खच्चून भरलेला. कोळी कीटकच नाही. त्याला पाय आठ, मिशा नाहीत, पंख नाहीत, नातं कोळ्या-गोचिडांशी. मी दिलेल्या औषधानं त्याचं फारसं बिघडलं नाही, पण त्याला खाणारे भुंगे आणि दुसरे कोळी मात्र साफ झाले. मी शत्रूला मैदान मोकळं करून दिलं होतं. त्या प्लॉटची पानगळ झाली, मण्यांत साखर भरायला वेळ लागला. दादा मला काही बोलले नाहीत, नानांशीही बोलले नाहीत. पण पुढचे दोन हंगाम ते समोरच्या दुकानात जात राहिले आणि मी काउंटरवरून ते बघत राहिले. भिंग त्या आठवड्यात नाशिकला जाऊन आणलं.

पाय मोजतानाही एक खोच आहे. अंड्यातून नुकतं निघालेलं कोळ्याचं पिल्लू सहाच पायांचं असतं. म्हणून एकाच जीवावर निकाल देऊ नका, चार-पाच बघा.

मिलीबगवर फार लिहीत नाही, त्याचं दुखणं सगळ्यांना पाठ आहे. चिकट घड, त्यावर काळी बुरशी, खोडावर मुंगळ्यांची रांग. एवढंच सांगते की तो पांढरा कापूस म्हणजे मेण आहे आणि मेणावर पाणी टिकत नाही. अंड्यातून निघालेल्या रांगत्या पिल्लांच्या अंगावर मात्र सुरुवातीला मेण नसतं. गाठायचं तर तेव्हा. आणि मिलीबगच्या घोळक्यात तसलंच पांढरं, पण आकारानं मोठं आणि भराभर पळणारं काही दिसलं तर हात आवरा. ते क्रिप्टोलीमस भुंग्याचं पिल्लू असतं. मूळ ऑस्ट्रेलियाचा हा भुंगा १८९८ मध्ये भारतात आणला गेला, कॉफीवरच्या खवले किडीसाठी. मिलीबग हे त्याचं आवडतं खाणं. पिल्लू मिलीबगसारखंच दिसतं, त्यामुळे आपल्या हातून आधी तेच मरतं. लोक विकत आणून बागेत सोडतात आणि पंधरा दिवसांनी स्वतःच फवारतात, असंही मी पाहिलंय. मला तर तेव्हा रडावं की हसावं कळत नाही.

मक्यातल्या अमेरिकन लष्करी अळीला भिंगाची गरज नाही. २०१८ मध्ये ती कर्नाटकात पहिल्यांदा दिसली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात आली. डोक्यावर उलटा वाय, शेपटीकडे चौकोनात चार ठिपके, झालं. औषध पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, गेलं पाहिजे, कारण ती तिथेच बसते.

टोमॅटोच्या अळीची गोष्ट वेगळी. गिरणाऱ्याचा एक तरुण मुलगा दुसऱ्याच दिवशी बाटली परत घेऊन आला. 'ताई, अळी फिरतेय. दम नाही यात.' बाटली नोव्हाल्युरॉनची होती. अळीला हाडं नसतात, तिची कातडी हाच तिचा सांगाडा. अंग वाढलं की जुनी कातडी अपुरी पडते, म्हणून कात टाकायची आणि आत नवी तयार ठेवायची. हे औषध नव्या कातडीला बळकटी देणारं कायटिन बनू देत नाही. म्हणजे अळी आज मरत नाही, कात टाकायची वेळ येते तेव्हा मरते. मी त्याला म्हटलं, फवारलेल्या झाडावरची एक अळी पानासकट आणून दे. प्लॅस्टिकच्या डबीत घालून झाकणाला भोकं पाडली आणि डबी काउंटरवर ठेवली. येणारा-जाणारा डोकावून बघायचा. दुसऱ्या दिवशी तिनं खाणं सोडलं. चौथ्या दिवशी सकाळी बघितलं तर डोक्यामागं जुनी कात फाटली होती, खालची कातडी ओली आणि पातळ, आणि अळी अर्धी आत, अर्धी बाहेर अडकून काळी पडलेली. नानांनी चष्मा लावून बराच वेळ डबीत पाहिलं. 'सदरा काढताना गळ्यात अडकला म्हणायचा,' एवढंच बोलले. पुढं मी नसताना कुणी आलं की तेही पान मागू लागले. नाव मात्र माझं सांगायचे: 'सूनबाई विचारेल, तिला काय सांगू?'

बहुतेक जण आता पान न आणता मोबाइलवर फोटो दाखवतात. हलवून काढलेला, उन्हाकडे तोंड करून काढलेला. त्यात मला पान दिसतं, कीड दिसत नाही. त्यापेक्षा दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग खिशात ठेवा. एक सांगते, कारण नव्वद टक्के लोक ते चुकीचं धरतात: भिंग पानाजवळ नाही, डोळ्याजवळ धरायचं, अगदी पापणीला लागेल इतकं, आणि मग पान हळूहळू जवळ आणायचं. थ्रिप्स बघायचे तर फुलोऱ्याचा घड पांढऱ्या कागदावर झटका. पिवळसर रेघा पळायला लागतील. कोळी बघायचा तर पान उलटं करा, शिरेच्या कडेनं बघा. आणि येताना ते पान पिशवीत घालून आणा, पिशवीला गाठ मारून. गाठ सैल राहिली की सगळी वरात आमच्या काउंटरवर उतरते.