तुम्ही विचारलंत म्हणून : माझी प्रोफाइल तुम्हाला का चालणार नाही

मी जळगावात घरीच फोटो छापतो हे कळल्यापासून ओळखीचे लोक एकच प्रश्न विचारतात. "तुमचे प्रिंट स्क्रीनवर दिसतात तसे येतात, आमचे येत नाहीत. तुमची ती कलर प्रोफाइल व्हॉट्सॲपवर टाका ना." फाईल असते एवढीशी, पाठवायला दमडी लागत नाही. तरी मी पाठवत नाही, आणि त्यापायी दोन-तीन घरांत माझं नाव चिकट म्हणून झालं आहे. एकदा सविस्तर सांगून टाकतो.

जुन्या तराजूचं एक पारडं हलकं असलं की दुकानदार त्याला खडा नाहीतर लोखंडाचा तुकडा बांधायचा. त्याला पासंग म्हणतात. प्रोफाइल म्हणजे प्रिंटरचा पासंग. तुमचा प्रिंटर कुठे किती चुकतो हे मोजून तेवढंच वजन उलट बाजूला टाकायचं. आता माझ्या तराजूचा खडा काढून तुम्ही तुमच्या तराजूला बांधलात तर काय होईल? बरं, हा तराजू म्हणजे नुसता प्रिंटर नाही. तो प्रिंटर, त्यातली शाई, तो कागद आणि छापताना ड्रायव्हरमध्ये (संगणकातला प्रिंटर चालवणारा प्रोग्रॅम) निवडलेला कागदाचा प्रकार नि दर्जा, असं सगळं मिळून एक तराजू होतो. यातलं एक बदललं की खडा बदलला. माझ्याकडे एकाच प्रिंटरच्या चार प्रोफाइल आहेत, कारण कागद चार आहेत.

मी या भानगडीत पडलो तो वांग्यामुळे. पौषातली भरीत पार्टी होती. शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, कळण्याची भाकरी होती, आणि भाजण्याआधी टोपलीतल्या वांग्यांचा एक फोटो मला फार चांगला मिळाला. आपलं भरताचं वांगं जांभळं नसतं. फिकट हिरवं, त्यावर पांढुरक्या रेघा, आणि देठाकडे हिरवा जरा गडद. (जळगावच्या या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे.) फोटो ए-फोर कागदावर छापून अमळनेरच्या मामांना दिला. मामांनी तो हातभर लांब धरला, मग जवळ धरला आणि म्हणाले, "हाऊ रंग आपला वांगाना नही शे." खरंच नव्हता. पिवळी पडलेली काकडी वाटत होती. रेघा तर गायबच.

कारण साधं होतं. प्रिंटर टाकीवाला, सहा रंगांचा. त्यात मी बाहेरची स्वस्त शाई भरलेली, कागदही बाजारातला चकचकीत, पाकिटावर कंपनीचं नाव धड वाचता येत नाही असा. आणि ड्रायव्हरला मात्र मी सांगत होतो की हा प्रिंटर कंपनीचाच कागद आहे. कंपनीने आपल्या प्रोफाइल आपल्या कागदासाठी आणि आपल्या शाईसाठी बनवलेल्या असतात. तुम्ही दोन्ही अस्सल वापरत असाल तर त्याच वापरा, त्या चांगल्या असतात. हा लेख इथे सोडलात तरी चालेल.

बाकीच्यांसाठी पुढे. या फाईलींच्या नावाअखेर आयसीसी लिहिलेलं असतं, त्याचा क्रिकेटशी संबंध नाही. 1993 साली ॲडोबी, ॲपल, कोडॅक, मायक्रोसॉफ्ट वगैरे आठ कंपन्यांनी मिळून रंगांच्या हिशेबासाठी इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम नावाचा जो संघ काढला, ही त्याची आद्याक्षरं. प्रत्येक यंत्राने आपले रंग एका सामायिक मापात मांडायचे, म्हणजे कुठल्याही यंत्राची कुठल्याही यंत्राशी गाठ घालता येते, अशी ती कल्पना. ते माप म्हणजे लॅब (प्रयोगशाळा नव्हे, एल-ए-बी ही तीन अक्षरं), 1976 सालचं. त्यात तीन आकडे : उजळपणा शून्य ते शंभर, दुसरा आकडा हिरव्याकडून लालकडे, तिसरा निळ्याकडून पिवळ्याकडे.

करायचं असं. रंगीत चौकटींचा तक्ता छापायचा, सुकू द्यायचा आणि स्पेक्ट्रोफोटोमीटर नावाच्या डबीने एकेक चौकट वाचायची. ती डबी चौकटीवर आपला उजेड टाकते आणि परत आलेला उजेड तरंगलांबीनुसार मोजते. मग सॉफ्टवेअर फाईल बनवतं. मी ग्रेम गिल यांचं आर्गिल वापरतो. ते फुकट आहे, पण त्यात बटणं नाहीत, काळ्या खिडकीत आज्ञा टाईप कराव्या लागतात. लाल, हिरवा, निळा यांचे 256-256 टप्पे धरले तर 1 कोटी 67 लाख 77 हजार 216 रंग होतात. ते सगळे कोण छापणार? काहीशे चौकटी मोजायच्या आणि मधलं गणिताने भरायचं.

एक चौकट दाखवतो, म्हणजे कळेल. तिन्ही रंग 128 दिले की मधला राखाडी यायला हवा. लॅबमध्ये साधारण 54, शून्य, शून्य. माझ्या त्या स्वस्त कागदावर डबीने वाचलं : 49, 4, उणे 5. म्हणजे हवा त्यापेक्षा काळपट, थोडा लालकडे, थोडा निळ्याकडे. डोळ्यांना नुसता राखाडी वाटत होता, शेजारी खरा राखाडी ठेवला तेव्हा जांभळट झाक दिसली. प्रोफाइल एवढंच लिहून ठेवते की इथे राखाडी हवा असेल तर हिरवा वाढव, निळा जरा कमी कर, एकूण थोडं उजळ कर. गंमत म्हणजे त्याच कागदावर फिकट हिरव्याची चूक उलट, पिवळ्याकडे. म्हणूनच ड्रायव्हरमधली एक कळ सरकवून वांगं सुधारत नव्हतं. हिरव्यातला पिवळेपणा काढला की आजीच्या कपाळावर निळसर छटा यायची.

माझी पहिली प्रोफाइल वाया गेली. तक्ता मी फोटो बघायच्या साध्या प्रोग्रॅममधून छापला, आणि त्या प्रोग्रॅमने मला न विचारता रंग 'सुधारून' पाठवले. तक्ता छापताना प्रिंटरला मनसोक्त चुकू द्यायचं असतं, तीच चूक तर मोजायची आहे. ड्रायव्हरमधली सगळी रंगदुरुस्ती बंद करायची. फोटोशॉपमधून तक्ता छापाल तर तिथेही अडचण, फोटोशॉपची स्वतःची रंगदुरुस्ती बंद करायची सोय ॲडोबी कंपनीने 2010 सालच्या आवृत्तीपासून काढून टाकली. ॲडोबीने त्यासाठी वेगळा छोटा प्रोग्रॅम दिला आहे, तो घ्या. आणि पुढे फोटो छापताना उलट चूक करू नका : फोटोशॉपही प्रोफाइल लावतंय आणि ड्रायव्हरही आपली दुरुस्ती करतोय, असं झालं की एका पारड्याला दोन पासंग. लोकांनी आणून दाखवलेल्या लालभडक चेहऱ्यांपैकी बरेचसे याच प्रकारातले निघाले.

इथल्या हवेचंही बघावं लागतं. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे गेला आणि प्रिंटर पंधरा दिवस झाकून राहिला की नोझल, म्हणजे शाई फवारणारी बारीक भोकं, चोंदतात. आधी नोझल तपासणीचं पान काढा, एकही रेघ तुटलेली नको. एकदा मी ते टाळलं आणि फिकट निळा येतच नव्हता तरी तक्ता पूर्ण वाचला. तासभर डबी पट्टीच्या कडेने ओढत बसलो होतो, पाठ मोडली, आणि निघाली ती रोगट प्रिंटरची प्रोफाइल. दुसऱ्यांदा तक्ता छापता छापता वीज गेली. अर्धं पान तसंच पुढे सुरू करता येत नाही, फेकायचं. छापलेला तक्ता मी एक दिवस पंख्यापासून लांब उघडा ठेवतो, कारण ओल्या शाईचा रंग आणि सुकलेल्या शाईचा रंग एक नसतो.

आता सराफ बाजारातल्या मित्राचा प्रश्न : "प्रोफाइल लावली की सोनं सोन्यासारखं येईल ना?" नाही. जळगावात राहून हे सांगताना वाईट वाटतं, पण चकाकी हा रंग नाही. कागदावर सोनं म्हणजे पिवळा, तपकिरी आणि मधे कोरा पांढरा ठिपका. ती चमक फोटो काढतानाच, उजेड कुठून टाकला त्यावर ठरते. शिवाय शाईला जो रंग जमतच नाही तो प्रोफाइल कुठून आणणार? ती जवळचा रंग शोधून देते, बस.

स्वस्त कागदाची आणखी एक खोड आहे. पांढऱ्या धोतराला नीळ देतात तसं त्यात उजळवणारं द्रव्य घातलेलं असतं. खिडकीतल्या उजेडातल्या अतिनील किरणांनी ते निळसर चमकतं, रात्री एलईडी बल्बखाली चमकत नाही. त्यामुळे तोच प्रिंट दिवसा गोरा आणि रात्री पिवळट दिसतो. मी प्रिंट दुपारी उत्तरेच्या खिडकीशी बघतो, आणि रात्री कुणी तक्रार केली तर "उद्या सकाळी परत बघा" म्हणतो.

"प्रिंट काळा येतो" म्हणणाऱ्यांना तर मी प्रोफाइलचं नावच काढू देत नाही. स्क्रीनचा उजेड पूर्ण ठेवून फोटो सुधारला की कागद त्याच्यापुढे काळाच दिसणार. स्क्रीनशेजारी कोरा कागद धरा आणि स्क्रीनचा पांढरा त्याच्याइतका होईपर्यंत उजेड उतरवा. निम्म्या लोकांचं काम इथेच होतं.

बाकीच्यांनी डबी विकत घेऊ नये, ती प्रिंटरपेक्षा महाग पडते. तुमच्या प्रिंटरवर, तुमच्या शाईने, तुमच्या कागदावर तक्ता छापून माझ्याकडे आणा, मी वाचून प्रोफाइल करून देतो. तक्त्याची फाईल मात्र मी खुशाल व्हॉट्सॲपवर पाठवीन, डॉक्युमेंट म्हणून. मागच्या आठवड्यात चोपड्याहून एक मुलगा एसटीने तक्ता घेऊन आला. रात्री छापून लगेच गुंडाळलेला, वर रबर. उलगडला तर दोन्ही पानं एकमेकांना चिकटलेली, सोडवताना चौकटींची सालं निघाली. त्याला चहा दिला आणि परत पाठवला. या खेपेला पानं सुकवून, मधे कोरा कागद घालून, सपाट पुठ्ठ्यात आणायला सांगितलं आहे.