एकच रकाना

जुलैच्या उधाणात किनाऱ्याला लागलेलं ऑलिव्ह रिडले जातीचं ते मादी समुद्री कासव अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

मासेमार मित्राचा फोन आला, "डॉक्टर, कासव लागलंय. जित्तं हाय." मी पोहोचेपर्यंत पर्यटकांनी पुण्य म्हणून त्याला दोनदा पाण्यात ढकललं होतं. कासवाला फुप्फुसं असतात, अशक्त कासव पाण्यातच बुडून मरतं, हे किती वेळा सांगायचं! 1 जूनपासून मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या. म्हणजे अंगाला गुंडाळलेलं नायलॉनचं जाळं कधीतरी तुटून नुसतं भरकटत होतं. पुढच्या डाव्या पराला त्याचा दोरा हाडापर्यंत रुतलेला. पर काळा पडला होता, वास येत होता.

खांद्यातून पर काढला. गुंगीत कासव मिनिटंच्या मिनिटं श्वास घेत नाही, म्हणून श्वासनळीत नळी घालून कुणीतरी हाताने हवेची पिशवी दाबत राहावं लागतं. आमचा रोजंदारीवरचा पोरगा दाबत होता, पावणेदोन तास त्याचा हात थांबला नाही. त्याला कायम करायचा कागद मात्र वर्षानुवर्षं हलत नाही. कासवाच्या थंड रक्तात औषध सावकाश उतरतं. पूर्ण शुद्धीवर यायला रात्र गेली. टाके सुरेख बसले होते. तीन परांवरही कासव समुद्रात जगतं, असं मी भेटेल त्याला सांगत सुटलो.

टाकीत ते मागची बाजू वर करून तरंगायचं, बुडी मारता येईना. पर गेला म्हणून तोल जातोय, असं मी ठरवून टाकलं. खात नव्हतं, घाबरलंय म्हटलं. शी होत नव्हती. खातच नाही तर होणार कुठून? एक्स-रेत वायूने फुगलेलं आतडं दिसलं, बाकी काही नाही. पातळ प्लॅस्टिक एक्स-रेत उमटत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

अकराव्या दिवशी ते गेलं. उघडल्यावर आतड्यात पीळ बसलेली पिशवीची पट्टी, दोरीचे निळे धागे आणि दुधाच्या पिशवीचा कात्रीने कापलेला तिकोनी कोपरा. कासवाच्या अन्ननळीत आतल्या दिशेने वळलेले काटे असतात, जेलीफिश निसटू नये म्हणून. गिळलेलं उलटून पडत नाही.

पहिल्याच दिवशी नळीने लिक्विड पॅराफिन, आतड्यातलं पुढे सरकवणारं तेल, दिलं असतं तर? पीळ जुना होता, बहुतेक उपयोग झाला नसता. पण मी शोधलंच नाही. पराची जखम समोर होती, मी तिच्यातच गुंतलो.

अहवालात 'मृत्यूचे कारण' असा एकच रकाना. मी जाळं आणि प्लॅस्टिक दोन्ही लिहिलं, तर अहवाल परत आला: कृपया एकच कारण नमूद करावे. नुसतं 'प्लॅस्टिक' लिहिलं तरी खोटं नाही, नायलॉनचं जाळंही प्लॅस्टिकच. पण मग कापलेला पर आणि अकरा दिवस फुगत गेलेलं पोट, दोन्ही त्या एका शब्दात दिसेनासे होतात. अहवाल टेबलावर तसाच पडून आहे.