चेहरा नसतानाही

रविवार, रात्री उशिरा

"वहिनी, तुम्ही चाल केलीत की आम्ही पत्ते टाकायचेच. हातात काही नसताना तुम्ही कधी बसताच नाही." मोबाइलवरच्या आमच्या रविवारच्या तीन पत्तीबद्दल वन्सं हे फोनवर सहज बोलून गेल्या. त्यात दुखावण्यासारखे काही नव्हते, तरीही भांडी आवरून झाली, दिवे मालवले, आणि ते वाक्य अजून मनातून जात नाही.

आज माझ्याकडे तीन सत्त्या आल्या होत्या. बावन्न पत्त्यांतून तीन पत्त्यांचे २२,१०० हात होऊ शकतात आणि त्यांत ट्रेल, म्हणजे तिन्ही पत्ते एकाच किमतीचे असलेले हात, फक्त ५२ असतात, म्हणजे सरासरीने ४२५ डावांत एकदा येणारा हा हात. मी पत्ते पाहिले, चाल केली, म्हणजे चिप्स लावल्या, आणि निपाणीहून वन्संनी, खानापूरहून भावोजींनी, पुण्याहून पुतण्याने एकामागून एक पॅक केले, म्हणजे पत्ते टाकून डाव सोडला. सुरुवातीला प्रत्येकाने लावलेल्या बूटपलीकडे मला काही मिळाले नाही. त्या चिप्सचे मला दुःख नाही, कारण आमच्या घरात पैसे लावून कोणी खेळत नाही, आणि ते का, हे येथे लिहिण्याची गरज नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आणणारा कायदा संसदेने केला, तेव्हाही आमच्या रविवारच्या खेळात काही बदलले नाही.

मला लागले ते वेगळेच आहे. मी समोर नसतानाही त्यांना दिसते.

शहापूरच्या घरी गणपतीच्या जागरणाला सतरंजीवर पत्ते पिसले जात, तेव्हा माझा चेहरा पाहून लहान मुलेसुद्धा माझा हात ओळखत असत. पुढे सगळे गावोगाव पांगले आणि खेळ मोबाइलवर आला, तेव्हा इतरांना हळहळ वाटली. मला मात्र मनातून सुटल्यासारखे वाटले होते. पडद्यावर माझ्या जागी मोगऱ्याच्या फुलाचे चित्र असते. त्या चित्राला भुवया नाहीत आणि त्याचा हात थरथरत नाही. आता तरी आपण सगळ्यांच्या बरोबरीने खेळू, असे मला वाटले होते.

बेळगावात राहणाऱ्याला वाचले जाण्याची सवय असते. खडेबाजारात दुकानाची पायरी चढण्याआधीच दुकानदाराने मराठीत "या ताई" म्हणायचे की कन्नडमध्ये "बर्री अक्का" म्हणायचे हे ठरवलेले असते, आणि त्याचा अंदाज सहसा चुकत नाही. त्याचे मला कधी वाईट वाटले नाही, कारण समोरच्याला मीही तितक्याच सहजपणे ओळखते. पत्त्यांमध्ये मात्र हे एकाच बाजूने चालते, आणि तेच मला सोसत नाही.

पुतण्याने मागे एकदा मला समजावून सांगितले होते की, चांगले पत्ते असले की मी माझ्या पाळीचे घड्याळ संपत येईपर्यंत थांबते आणि काही नसले की क्षणात पॅक करते. ब्लाइंड, म्हणजे पत्ते न पाहता, तर मी कधी खेळतच नाही. पत्ते पाहून दुप्पट लावणे मला अधिक सुरक्षित वाटते. पण आज कागद घेऊन हिशेब मांडला, तेव्हा खरी गोष्ट याहून सोपी निघाली. २२,१०० हातांपैकी १६,४४० हातांत जोडीसुद्धा नसते. जोडी किंवा तिच्यावरचे काही असेल असे ५,६६० हात उरतात, म्हणजे चारांत साधारण एक. मी नेमकी तेवढ्यांवरच चाल करते. त्यामुळे माझी चाल हीच माझे पत्ते सांगते आणि चेहरा वाचण्याची वेळ कोणावर येतच नाही.

पोकरमध्ये २०१९ साली 'प्लुरिबस' या संगणक प्रणालीने सहा जणांच्या टेबलावर व्यावसायिक खेळाडूंवर मात केली. तिला कोणाचा चेहरा दिसत नव्हता. इतरांबद्दल तिच्यापुढे होत्या फक्त लावलेल्या आणि सोडलेल्या रकमा. त्याच्या कितीतरी आधी, १९४४ मध्ये, फॉन नॉयमन आणि मॉर्गनस्टर्न यांनी पोकरचे गणित मांडताना हूल देण्यामागचे दोन हेतू सांगितले होते: दुबळा हात बळकट भासवणे, आणि बळकट हात दुबळा असावा अशी शंका जागी ठेवणे. पहिला हेतू सगळ्यांनाच कळतो. दुसरा वाचताना मला माझ्या तीन सत्त्या आठवल्या. मी कधीच हूल देत नाही, म्हणून माझ्या खऱ्या हातालाही कोणी शो, म्हणजे पत्ते उघडून दाखवणे, मागत नाही.

घरातही असेच होत आले आहे. मी हो म्हणेन हे सगळ्यांनी आधीच धरलेले असते. थोरल्या घराची वाटणी झाली तेव्हाही मला कोणी विचारले नव्हते. तो विषय आता नको.

आणि तरीही, गल्लीतल्या बायकांची भिशी माझ्याकडे असते आणि दिलेले पैसे कोणी पुन्हा मोजून घेत नाही. खुद्द वन्संच्या लॉकरची चावी माझ्या कपाटात आहे. माझ्या ज्या स्वभावामुळे मी डावात रिकाम्या हाताने राहते, त्याच स्वभावावर हा विश्वास उभा आहे. तो मला कोणत्याही किमतीला सोडायचा नाही. पण पत्त्यांच्या टेबलावर प्रत्येक जण लपवण्याची मुभा देऊन आणि घेऊनच बसलेला असतो. तेथे हूल दिल्याने कोणाचा विश्वासघात होत नाही, हे मला आज प्रथमच मनापासून पटले.

म्हणून एक ठरवले आहे. हातात जोडीसुद्धा नसेल, पण चौकटची दुर्री किंवा तिर्री असेल, तर चाल करायची. असे हात १,८७८ होतात, म्हणजे माझ्या खऱ्या हातांच्या एक तृतीयांश. हूल कधी द्यायची हे मनावर सोडले, तर माझे मन वन्सं लगेच ओळखतील. वाटून आलेल्या पत्त्यावर सोडले, तर पुढच्या डावात मी काय करणार हे मलाही आधी ठाऊक नसेल. शिवाय पत्ते कसेही आले तरी पाचपर्यंत मोजूनच बोट टेकवायचे.

सुरुवातीला चिप्स जातील. पुढच्या रविवारी चौकटची तिर्री आली, तर वन्संनी शो मागावा आणि माझ्या हातात काहीच नव्हते हे सगळ्यांनी पाहावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.